पाणी योजनांचे टिकाऊ डिझाइन शिकवायचे तर सुरुवात पाइपच्या व्यासापासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही स्थापत्य शाखेला पाणीपुरवठा आणि सांडपाणी शिकवता. ‘शाश्वतता’ अभ्यासक्रमात आणा असा आग्रह झाला, म्हणून शेवटी एक घटक जोडला गेला. त्यात व्याख्या, तीन वर्तुळांची आकृती आणि संयुक्त राष्ट्रांच्या १७ उद्दिष्टांची यादी आहे. मुले ती पाठ करतात, गुण मिळवतात आणि प्रकल्पात डिझाइन मात्र पूर्वीसारखेच करतात. शिवाय तुमचा पीएचडीचा विद्यार्थी वितरण जाळ्याच्या ऑप्टिमायझेशनवर काम करतोय, आणि त्यात शाश्वतता नेमकी कुठे बसवायची हे त्याला उमगत नाही.

मी आधी बरीच वर्षे योजना डिझाइन केल्या, नंतर शिकवायला लागलो. त्या अनुभवावरून सांगतो: तो शेवटचा घटक काढून टाका. योजना टिकणार की नाही हे दरडोई मागणी, पाइपचा व्यास आणि पंपाचे हेड (पंपाला पाणी जितके मीटर उंच ढकलण्याइतका जोर लावावा लागतो तो) हे तीन आकडे कागदावर उतरतात तेव्हाच बरेचसे ठरून जाते. शिकवायचे ते तिथेच, सूत्र फळ्यावर असताना. आणखी एक: वर्गात मी ‘शाश्वत’ऐवजी ‘टिकाऊ’ म्हणतो. टिकाऊ म्हटले की मुले लगेच विचारतात, किती वर्षे? कोणाच्या हातात? हेच प्रश्न आपल्याला हवे असतात.

पहिल्या आठवड्यात हे गणित द्या. सेकंदाला १०० लिटर पाणी ५ किलोमीटर लांब न्यायचे आहे आणि ३० मीटर उंच चढवायचे आहे. पाइपातल्या घर्षणाच्या डार्सी-वाइसबाख सूत्रात घर्षणांक ०.०२ धरा. ३०० मिलिमीटरचा पाइप घेतला तर वेग सुमारे १.४ मीटर प्रति सेकंद येतो आणि नुसत्या घर्षणात ३४ मीटर हेड जाते, म्हणजे प्रत्यक्ष चढणीपेक्षाही जास्त. ३५० घेतला तर घर्षण १६ मीटरच्या आत येते, ४०० घेतला तर ८ मीटरवर. घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते हे वाक्य मुलांनी ऐकलेले असते, पण त्याची ताकद अशा आकड्यांतूनच कळते. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर ३०० च्या वाहिनीला सुमारे ९० किलोवॉट लागतात आणि ४०० च्या वाहिनीला ५३. रोज १६ तास उपसा केला तर वर्षाला २ लाख १२ हजार युनिटांचा फरक पडतो. तीस वर्षांत तो ६० लाखांच्या पुढे जातो. पाइप निवडायला पाच मिनिटे लागलेली असतात.

पण इथेच थांबलात तर मुले ‘मोठा पाइप म्हणजे टिकाऊ’ एवढेच घेऊन जातील, आणि ते चूक आहे. ४०० वरून ४५० वर गेले की आणखी जेमतेम ५ किलोवॉट वाचतात. पाइपचे वजन, खोदाई आणि जोड मात्र वाढतच जातात, आणि लोखंड बनवतानाचा कार्बनही त्यात आलाच. म्हणून पुढच्या तासाला उत्पादकांच्या कॅटलॉगमधून मीटरमागचे वजन काढायला लावा आणि विजेचा कार्बन व पाइपचा कार्बन एकाच आलेखावर मांडायला लावा. दोन्ही वक्रांची बेरीज कुठे सर्वांत कमी आहे ते त्यांना स्वतःला सापडू दे.

मग वर्गाचे तीन गट करा आणि भविष्यातला वीजखर्च आजच्या किमतीत आणण्यासाठी प्रत्येक गटाला वेगळा सूट-दर द्या. १० टक्क्यांनी तिसाव्या वर्षीचा खर्च आज त्याच्या ६ टक्क्यांइतकाही दिसत नाही. ३ टक्क्यांनी तोच ४१ टक्के दिसतो. गणित एकच असूनही गटागणिक वेगळा व्यास येऊ शकतो. वर्गातले कोणीतरी विचारतेच, “सर, हा दर कोण ठरवतो?” पुढच्या पिढीवरचे ओझे आज किती मोजायचे, हा सगळा विषय त्या एका प्रश्नात येतो, आणि तो मुलांच्या तोंडून आलेला असतो. व्याख्येतून तो असा कधीच आलेला मी पाहिला नाही.

यानंतर मुलांना पंपहाऊसवर न्या. एका ठिकाणचा प्रसंग मला अजून आठवतो. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या चाकाला एक जुनी चिंधी बांधलेली होती. एका मुलीने ती कशासाठी म्हणून विचारले. ऑपरेटर म्हणाले, “चिंधी वर आली की थांबायचं. त्याच्या पुढं उघडलं की पंप थरथरतो, अँपिअर वाढतात आणि मोटर ट्रिप होते.” व्हॉल्व्हच्या अलीकडे दाबाचे गेज साडेसहा किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाखवत होते आणि पलीकडे साडेचार. दोन किलोचा दाब म्हणजे २० मीटर हेड, तेही रोज, त्या अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हमध्ये जळत होते. पंपाने तयार केलेल्या हेडचा हा जवळपास तिसरा हिस्सा झाला.

परत आल्यावर त्या योजनेचे मूळ डिझाइन मुलांसमोर ठेवले. दोषी असा कोणी सापडला नाही. लोकसंख्येच्या अंदाजात कोणी १५ टक्के जास्त धरले, मागणीत कोणी २० टक्के, आणि पंप निवडताना आणखी १० टक्के. प्रत्येकाने आपापल्या जागी काळजीच घेतली होती. पण या टक्क्यांचा गुणाकार होतो आणि तो १.५२ येतो. वाढीव प्रवाह धरला की घर्षणहानी त्याच्या वर्गाने फुगते, आणि त्या फुगलेल्या हेडचा पंप निवडला जातो. प्रत्यक्षात रोध कमी असला की सेंट्रिफ्यूगल पंप आपल्या वक्रावर (प्रवाह आणि हेडच्या आलेखावर) उजवीकडे घसरतो, जास्त प्रवाह देऊ लागतो, जास्त वीज ओढतो आणि थरथरतो. ऑपरेटर मग व्हॉल्व्ह मिटून कृत्रिम रोध तयार करतात. त्यांचे काहीच चुकलेले नसते. आपण कागदावर केलेली चूक ते रोज हाताने दुरुस्त करत असतात. मुलांनी इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) व्यास किती कातरला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडता येईल याचे गणित केले. माझ्या मते त्या सत्रातले सर्वांत खरे डिझाइन तेच होते.

इथे एक सावधगिरी, कारण ही चूक प्रकल्प अहवालांत आणि शोधनिबंधांतही सर्रास दिसते. ‘गती निम्मी केली की वीज एक-अष्टमांश’ हा घनाचा नियम सगळा रोध घर्षणाचा असेल तेव्हाच लागू पडतो. उपशात स्थिर उंचीचा वाटा मोठा असेल तर गती थोडी कमी करताच पंपाचे हेड त्या उंचीच्या खाली येते आणि पाणी पुढे सरकतच नाही. म्हणून व्हीएफडी (मोटरची गती कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून किती टक्के बचत होईल हे सिस्टिमचा वक्र (कोणत्या प्रवाहाला किती हेड लागते त्याचा आलेख) काढल्याशिवाय सांगू नका, विद्यार्थ्यांनाही सांगू देऊ नका.

वाढीव क्षमतेचा आणखी एक तोटा आहे आणि तो विजेच्या बिलात दिसत नाही. वितरणाचे पाइप तीस वर्षांनंतरच्या मागणीसाठी टाकले की सुरुवातीची दहा-पंधरा वर्षे पाणी त्यात रेंगाळते. क्लोरिन संपते, गाळ बसतो आणि टोकाच्या नळाला शिळे पाणी येते. सांडपाण्यात हेच उलट्या बाजूने घडते. गटार स्वतः स्वच्छ राहण्यासाठी साधारण ०.६ मीटर प्रति सेकंद वेग लागतो. घराघरांत पाणी वाचवणारी उपकरणे आली की प्रवाह घटतो, घन पदार्थ बसतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि काँक्रीटचा माथा खाऊन टाकतो. पाणी वाचवणे चांगलेच आहे, पण ते ठरवणारा आणि गटाराचा उतार ठरवणारा एकमेकांशी बोलले पाहिजेत. तुमच्या विभागात हे दोन वेगळे विषय आणि दोन वेगळे शिक्षक असतील तर निदान एक प्रकल्प तरी सामाईक ठेवा.

आता मूळ आकडेवारीकडे वळू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचे वाटप हे उदाहरण मी दर वर्षी सांगतो. १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर साचेल इतके पाणी), म्हणजे एकूण दीड कोटी एकर-फूट पाणी वाटून दिले गेले. त्यांच्या हाती जेमतेम दोन-अडीच दशकांच्या नोंदी होत्या आणि तो काळ नेमका भरपूर पावसाचा निघाला. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट द्यायचे ठरले. पुढे १९७६ मध्ये झाडांच्या वर्षवलयांवरून कित्येक शतकांचा प्रवाह काढला गेला आणि सरासरी साधारण १ कोटी ३५ लाख एकर-फूट निघाली. नदीत सरासरीने नसलेले पाणी कागदावर वाटले गेले होते आणि त्या कागदावर धरणे, कालवे, शहरे उभी राहिली. मुलांना पुरेशा लांबीची प्रवाहमालिका द्या. एका गटाला ओली २० वर्षे कापून द्या, दुसऱ्याला कोरडी, आणि दोघांना धरणाची साठवण काढायला सांगा. दोन उत्तरे शेजारी ठेवली की ‘७५ टक्के विश्वासार्हता’ (चारपैकी तीन वर्षे पुरेसे पाणी) हे शब्द ती पुन्हा कधी निष्काळजीपणे लिहीत नाहीत. हवामान बदलत असताना जुन्या नोंदींची सरासरी भविष्यालाही लागू पडेल हे गृहीतच आता डळमळले आहे, तेव्हा हा सराव ऐच्छिक ठेवू नका.

नवीन स्रोत शोधण्याआधी जुने पाणी जाते कुठे हे विचारायची सवय लावा. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हे यातले माझ्या माहितीतले सर्वांत ठळक उदाहरण. १९९३ मध्ये तिथे पुरवलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. ‘एक सॉन चान’ (‘एक’ हा नावाचाच भाग) यांच्या नेतृत्वाखाली पाणीपुरवठा संस्थेने प्रत्येक जोडणीला मीटर बसवले, चोरीच्या जोडण्या बंद केल्या, जुने पाइप बदलले, गळती शोधणारी पथके रात्री कामाला लावली आणि कर्मचाऱ्यांच्या कामाला बक्षीस जोडले. पुढच्या दोन दशकांच्या आतच तो आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे हायड्रॉलिक्सचा एक बारीक मुद्दा शिकवण्यासारखा आहे. कडक पाइपातल्या गोल भोकाची गळती दाबाच्या वर्गमुळाने बदलते. प्लास्टिकच्या पाइपातली लांब चीर मात्र दाबाबरोबर स्वतःच उघडते, त्यामुळे तिचा घातांक १.५ पर्यंत जातो. दाब २० टक्क्यांनी उतरवला तर पहिली गळती साधारण ११ टक्क्यांनी घटते आणि दुसरी २८ टक्क्यांनी. एखाद्या वसाहतीच्या तोंडाशी मीटर आणि डेटा लॉगर लावून पहाटे दोन ते चारचा प्रवाह दोन वेगवेगळ्या दाबांवर मोजला की तो घातांक तिथल्या पाइपांचा कळतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला हे सहज जमते.

सांडपाणी प्रक्रियेबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती महत्त्वाची आहे. १९१४ पासून आपण ॲक्टिव्हेटेड स्लज (हवा भरून जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत) वापरतोय आणि हवा भरण्यातच केंद्राची साधारण निम्मी वीज जाते. त्यामुळे टिकाऊपणा म्हटले की सगळे हवा भरणाऱ्या ब्लोअरकडे पाहतात. एक किलो अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रिफिकेशनला (त्याचे नायट्रेट होण्याला) ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे दोन-तीन युनिटे वीज. आता दुसरी बाजू पाहा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीनुसार केंद्रात येणाऱ्या नायट्रोजनपैकी १.६ टक्के नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो असे धरतात, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. गुणाकार केला तर किलोमागे जवळजवळ ७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम येतो. कोळशाच्या विजेवर चालणारा ब्लोअरसुद्धा सहसा याच्या खालीच राहतो. वीज वाचवायला हवा फार कमी केली तर हाच वायू वाढू शकतो. हा गुणक केंद्रागणिक आणि ऋतूगणिक फार बदलतो, म्हणूनच मोजमापावर आधारलेल्या संशोधनाला इथे खूप वाव आहे. एखाद्याला दुसरा पीएचडीचा विषय हवा असेल तर मी इकडेच बोट दाखवीन.

आता दुरुस्तीबद्दल, कारण टिकाऊपणाची परीक्षा शेवटी तिथेच होते. हातपंपाची गोष्ट वर्गात जरूर सांगा. सुरुवातीला वापरात आलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात एका कुटुंबासाठी होते. त्यांना अनेक सांधे आणि पिना होत्या. त्यांच्यावर शेकडो माणसे पाणी भरू लागली आणि ते धडाधड बंद पडले. जालना आणि सोलापूरला झालेल्या सुधारणांतून एकाच आसावर फिरणारा पोलादी दांडा आला, आणि त्या धाग्यातूनच १९७० च्या दशकात इंडिया मार्क २ तयार झाला. तो जगभर गेला. तरीही त्याचा वॉशर बदलायचा तर विहिरीतले सगळे पाइप वर काढावे लागत, आणि त्यासाठी गाडी, तिवई आणि पथक लागे. मार्क ३ मध्ये खालचा पाइप रुंद केला, त्यामुळे दट्ट्या त्यातूनच वर ओढता येतो आणि गावातला मेकॅनिक तो बदलू शकतो. रुंद पाइप जड आणि महाग असतो. दुरुस्तीची किंमत बांधकामात आधीच मोजली गेली, म्हणून हे डिझाइन मला मोलाचे वाटते. तुमच्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक प्रकल्पात एक पान असे मागा: सर्वांत आधी काय बिघडेल, ते काढायला काय काय हलवावे लागेल, सुटा भाग किती दिवसांत मिळेल आणि तोवर पाणी कुठून येईल.

तुमच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याविषयी. तो हनोईच्या जाळ्यावर नवा अल्गोरिदम चालवतोय असे तुम्ही लिहिले आहे. १९९० मध्ये मांडले गेलेले, अल्गोरिदमच्या चाचणीसाठी वापरले जाणारे ते उदाहरण ३२ नोड (जोडबिंदू), ३४ पाइप आणि ६ व्यासांचे आहे. त्यात मागणीची एकच स्थिती आहे, पंप नाही, आणि खर्च फक्त पाइपचा धरलेला आहे. त्यावर ‘आधीपेक्षा स्वस्त’ उत्तर मिळाल्याचे कितीतरी निबंध आले. १९९७ मध्ये दाखवले गेले की हेझन-विल्यम्स या घर्षणहानीच्या सूत्रातल्या एकक-रूपांतराचा स्थिरांक कोणी १०.५०८८ घेतो तर कोणी १०.९०३१, आणि कोणते उत्तर दाबाच्या अटीत बसते ते यावरच अवलंबून असते. प्रत्यक्ष जमिनीखालच्या पाइपाचा ‘सी’ (त्याच सूत्रातला गुळगुळीतपणाचा गुणांक) दहा टक्क्यांनी चुकला तर घर्षणहानी साधारण एकोणीस टक्क्यांनी बदलते. अशा वेळी खर्चातल्या अर्ध्या टक्क्याच्या सुधारणेला अर्थ राहत नाही. अल्गोरिदम वाईट आहे असे मी म्हणत नाही, त्याला विचारलेला प्रश्न फार लहान आहे. त्याच साधनाला विचारायला लावा: मागणी अपेक्षेच्या निम्मीच आली तर कोणते जाळे कमी पस्तावते? पाइप टप्प्याटप्प्याने टाकले तर कोणता टप्पा पुढे ढकलता येतो? दाब अपुरा असताना टोकाच्या वस्तीला किती पाणी मिळते? एपानेट या पाणी-जाळ्यांच्या सॉफ्टवेअरच्या २०२० च्या २.२ आवृत्तीपासून दाबावर अवलंबून मागणी धरता येते आणि ते मोफत आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर हाताशी नाही अशी अडचण उरलेली नाही. आणि एक तरी खरे जाळे त्याने मोजलेल्या दाबांशी जुळवून पाहावे. बंद असायला हवा तो व्हॉल्व्ह उघडा आहे, किंवा नकाशात नसलेला पाइप जमिनीत आहे, हे त्याला तिथेच कळेल. प्रबंधातले एक प्रकरण अशा शोधाला दिले तर मी परीक्षक म्हणून त्याची सर्वांत जास्त कदर करीन.

गुणदानही बदला. सगळी माहिती दिलेला आणि एकच उत्तर असलेला प्रश्न मी गृहपाठापुरता ठेवतो. परीक्षेत एक आकडा मुद्दाम गाळतो आणि एक न पटणारा ठेवतो. काय गृहीत धरले आणि का, याला गुण देतो. प्रकल्पाच्या व्हायव्हाला पंपहाऊस सांभाळणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाला सन्मानाने बोलवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. “हा व्हॉल्व्ह बदलताना मी उभा कुठं राहू?” या प्रश्नापुढे एका हुशार मुलाचे सुबक थ्रीडी मॉडेल निरुत्तर झालेले मी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी त्याने चेंबर ६० सेंटिमीटरने वाढवून आणले.

येत्या सत्रासाठी एवढेच करा: एक चालू पंपहाऊस निवडा, वर्षभराच्या लॉगबुकची प्रत मागा, आणि मुलांना मोजमापासाठी न्या. पंपाच्या डिलिव्हरीला गेजसाठी छिद्र बहुधा असतेच, प्लग लावलेले असते. व्हॉल्व्हच्या पलीकडे मात्र ते असेलच असे नाही, म्हणून परवानगी मागताना दोन्ही जागांचा स्पष्ट उल्लेख करा. गेज आधी प्रयोगशाळेत डेड वेट टेस्टरवर (ठरावीक वजनांनी दाब देऊन गेज तपासणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या. आणि दोन्ही जागी दोन वेगळी गेज न लावता एकच गेज आळीपाळीने लावा, म्हणजे दोन गेजमधला फरक तुमच्या हेडच्या आकड्यात शिरणार नाही.